पाकीट जपून ठेवले आहे का?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचे पत्र आले आहे. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशे यांच्या प्रतींसाठी त्यांनी 3 जून रोजी माहिती अधिकाराचा अर्ज समक्ष देऊन पोच घेतली. त्यावर 84 पानांचे 168 रुपये भरावेत, असे 1 जुलै तारखेचे चार ओळींचे पत्र त्यांना 14 जुलैला मिळाले. माहिती देण्याची 30 दिवसांची मुदत उलटल्यामुळे ती विनामूल्य मिळाली पाहिजे, असे म्हणून त्यांनी पैसे भरले नाहीत. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात तीन स्मरणपत्रे दिली आणि आता थेट राज्य माहिती आयोगाकडे तक्रार करावी का, असे विचारले आहे. आकडे आणि तारखा बदलून हीच हकिकत माझ्याकडे वारंवार येते.

सचिव महोदय, आपल्या प्रकरणाचा निकाल माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 7(3) वर अवलंबून आहे आणि आपल्या पत्रात नेमका त्याचाच उल्लेख नाही. जन माहिती अधिकाऱ्याने अतिरिक्त शुल्काची मागणी कळवली की, ती रवाना केल्यापासून शुल्क भरले जाईपर्यंतचा काळ 30 दिवसांच्या मुदतीतून वगळला जातो. येथे पत्र रवाना झाल्याची तारीख धरायची असते. पत्रावर टंकलिखित केलेल्या किंवा पत्र आपल्या हाती पडलेल्या तारखेने हे ठरत नाही. आपली मुदत 3 जुलैला संपत होती. पत्र त्या दिवशी किंवा त्याआधी टपालात पडले असेल, तर मुदतीचे घड्याळ तेथेच थांबले आणि आपण आजतागायत पैसे भरले नसल्याने ते अजूनही थांबलेलेच आहे. म्हणजे ज्या कार्यालयाला आपण सहा महिने दोष देत आहात, त्याचा कायद्याच्या दृष्टीने एका दिवसाचाही उशीर झालेला नाही. याउलट पत्र 3 जुलैनंतर रवाना झाले असेल, तर कलम 7(2) नुसार माहिती नाकारल्याचे मानले जाईल आणि कलम 7(6) नुसार ती विनामूल्य द्यावी लागेल.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात पाकिटावरचा स्पीड पोस्टचा कागद अर्धा फाटलेला आहे. 11 हा आकडा वाचता येतो, पण महिना फाटलेल्या भागात गेला आहे. 1 जुलैचे पत्र 11 जुलैला टपालात पडले असावे, असा माझा तर्क आहे आणि सरकारी कार्यालयांत त्यात नवल काही नाही. परंतु तर्कावर अपील चालत नाही. पाकिटाचा उरलेला भाग शोधा. तो सापडला नाही, तर त्याच कार्यालयाकडे दहा रुपयांचा दुसरा अर्ज करून त्या जावक क्रमांकाच्या पत्राची टपाल रवानगीची नोंद मागा. फक्त जावक नोंदवहीचा उतारा मागू नका, कारण जावक क्रमांक पडलेले पत्र पुढे कित्येक दिवस टेबलावर राहू शकते. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. महाराष्ट्राच्या नियमांत 2012 पासून ती मर्यादा आहे.

आता स्मरणपत्रांविषयी. कलम 19(1) नुसार प्रथम अपील, म्हणजे त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडील अपील, 30 दिवसांत करायचे असते. मुदत संपल्यापासून मोजले तर ती तारीख 2 ऑगस्ट येते आणि पत्र मिळाल्यापासून उदारपणे मोजले तरी 13 ऑगस्ट. अधिनियमात स्मरणपत्राला स्थान नाही आणि त्याने मुदत वाढत नाही. ज्या ऑगस्टमध्ये आपण पहिले स्मरणपत्र लिहिले, त्याच ऑगस्टमध्ये वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अपील दाखल करता आले असते.

तरीही पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करता येतो आणि ते कारण आपल्याला कार्यालयानेच दिलेले आहे. शुल्काच्या मागणीपत्रात रकमेचा हिशेब, त्या मागणीचा फेरविचार मागण्याचा हक्क, अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील आणि मुदत हे सर्व कळवणे कलम 7(3) मध्ये बंधनकारक आहे. आपल्याला आलेल्या चार ओळींत रकमेखेरीज काहीही नाही. विलंबमाफीच्या विनंतीत हाच मुद्दा पहिल्या परिच्छेदात मांडा. संस्थेची निवडणूक, सचिवांची प्रकृती वगैरे मजकूर नंतर आला तरी चालेल. माफी मिळेलच, असे मी म्हणत नाही. ते प्रथम अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून आहे.

आपण विचारलेल्या, आयोगाकडील कलम 18 खालील तक्रारीने आपले काम होणार नाही. त्या कलमाखाली आयोग दंडाचा विचार करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्याला कागद हवे आहेत, म्हणून मार्ग अपिलाचाच. त्यातही द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाच्या बेलापूरच्या कोकण भवनातील खंडपीठापुढे जाईल आणि तेथे सुनावणीची तारीख केव्हा लागेल हे छातीठोकपणे सांगणारा वकील मला अद्याप भेटलेला नाही. त्यामुळे पुनर्विकासाच्या कामासाठी नकाशांची खरोखर निकड असेल, तर हक्क राखून ठेवत असल्याचे लेखी कळवून 168 रुपये भरून टाकावेत, असे माझे मत आहे. ते परत मिळतील की नाही, हे रवानगीच्या तारखेवर ठरेल. विकासकाने त्रयस्थ पक्ष म्हणून नकाशांना हरकत घेतली, तर प्रश्न वेगळा होईल. ती हरकत वाचल्याशिवाय त्यावर मत देणे योग्य नाही.

प्रथम अपिलाचा निर्णय 30 दिवसांत, आणि लेखी कारणे नोंदवून फार तर 45 दिवसांत व्हायला हवा. निर्णय आलाच नाही, तर द्वितीय अपिलाचे 90 दिवस सावधगिरी म्हणून तिसाव्या दिवसापासूनच मोजा आणि ती शेवटची तारीख अपिलाची पोच मिळताच तिच्यावरच लिहून ठेवा.