किलीफिश आणि मुंबईचा उकाडा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (मुलुंड): आमच्याकडे वातानुकूलन नाही. अशा घरात कोणते किलीफिश टिकतील?

उत्तर: किलीफिश म्हणजे टाकीत शोभेसाठी पाळले जाणारे लहान मासे. त्यांतला कोणता टिकेल, ते माशाच्या मूळ प्रदेशावर ठरते. मध्य आफ्रिकेच्या दाट जंगलांतील सावलीच्या ओढ्यांत राहणाऱ्या अफिओसेमियन जातींना साधारण 22 ते 24 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते आणि आपल्याकडे मे महिन्यात टाकीतले पाणी 30 अंशांच्याही पुढे जाते. पाण्यावर पंख्याचा वारा सोडल्यास तापमान थोडे उतरते, परंतु मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावत असल्याने केवळ त्यावर विसंबू नये. त्यापेक्षा ‘गोल्डन वंडर’ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिण भारत व श्रीलंकेतील ओढ्यांत आणि भातखाचरांत आढळणाऱ्या ॲप्लोकायलस लिनिएटस या पट्टेरी माशाचाच तो सोनेरी वाण असल्यामुळे उकाडा त्याला सोसतो. मात्र तो 10 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो, त्यामुळे त्याच्यासोबत निऑन टेट्रासारखे चिमुकले मासे ठेवू नयेत.

प्रश्न (गिरगाव): झांजिबारचे नोथोब्रँकियस गुंथेराय हौसेने आणले, सुमारे वर्षभरात सगळे दगावले. आमचे काय चुकले?

उत्तर: तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुमचे काहीच चुकलेले दिसत नाही, या माशाचे आयुष्यच साधारण तेवढे असते. पावसाळी डबक्यांत जन्मून, काही आठवड्यांत वयात येऊन तो चिखलात अंडी घालतो. डबके आटले की मोठे मासे मरतात, पण वाढ थांबवून धरणारी अंडी पुढच्या पावसापर्यंत जिवंत राहतात. म्हणून हा मासा पाळायचा तर त्याची पुढची पिढी आधीच राखून ठेवावी लागते.

त्यासाठी दोन-तीनदा उकळून धुतलेले कोकोपीट पसरट भांड्यात घालून टाकीत ठेवावे आणि एका नराबरोबर दोन-तीन माद्या सोडाव्यात. दर एक-दोन आठवड्यांनी ते कोकोपीट जाळीत गाळून हलके पिळावे, जेमतेम ओलसर राहील इतपत सुकवावे आणि तारीख लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अंधाऱ्या जागी ठेवावे. सुमारे 25 अंशांना अंडी तयार होण्यास तीनेक महिने लागतात, उकाड्यात त्याहून कमी. त्यामुळे कॅलेंडरपेक्षा भिंगावर विश्वास ठेवावा. अंड्यात पिल्लाचे डोळे स्वच्छ दिसू लागले की कोकोपीटवर थंडसर, क्लोरीनविरहित पाणी उथळ ओतावे. बरीच पिल्ले काही तासांतच बाहेर पडतात आणि पहिल्या दिवसापासून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंबीसारख्या जिवाची) नुकतीच फुटलेली पिल्ले खाऊ शकतात. न फुटलेली अंडी टाकून न देता पुन्हा सुकवून ठेवावीत, कारण सगळी अंडी एकाच वेळी तयार होत नाहीत.

प्रश्न (दादर): टाकीवर झाकण आवश्यक आहे का?

उत्तर: होय, आणि फिल्टरच्या नळीसाठी ठेवलेली फटसुद्धा स्पंजने बुजवावी. किलीफिश उत्तम उड्या मारतात.

प्रश्न (बोरिवली): डासांच्या अळ्या खाऊ म्हणून गच्चीवर वाढवल्या तर चालतील का?

उत्तर: मासे त्या आवडीने खातात, तरीही वाढवू नयेत. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि एखादी अळी नजरेतून सुटली तर त्याचा त्रास साऱ्या इमारतीला होतो. गोठवलेले ब्लडवर्म (एका न चावणाऱ्या माशीच्या लाल अळ्या) आणि घरी वाढवलेला डॅफ्निया (गोड्या पाण्यातला सूक्ष्म जीव) यांवर किलीफिशचे उत्तम पोषण होते. डॅफ्नियाची बादली मात्र बारीक जाळीने घट्ट झाकलेली असावी.