आधी तुटलेली कड बघ

पत्र मिळालं. खालच्या जबड्याच्या जीवाश्माचा फोटो पाठवून तू विचारलंयस, ‘ही प्रजाती कोणती?’ एवढ्यात नाव नको देऊस. आधी जबडा कुठे तुटलाय ते बघ.

शिवालिकमध्ये १९३२ साली वरच्या जबड्याचा एका बाजूचा तुकडा मिळाला. रामापिथेकस असं त्याचं बारसं झालं. दुसरी बाजू अंदाजानेच जोडायची होती; जोडणाऱ्यांनी दातांची माणसासारखी गोलसर कमान केली आणि पुढे कित्येक वर्षं हा प्राणी आपला पूर्वज म्हणून मिरवला. जास्त पूर्ण जबडे हाती आले तेव्हा ती कमान टिकली नाही. आज ते अवशेष शिवापिथेकसमध्ये, म्हणजे ओरांगउटानच्या गोतात धरतात.

कड तपासून झाली की पहिली उपदाढ, म्हणजे सुळ्याच्या लगेच मागचा दात, बघ. चिंपांझीत ती एकटोकी असते, वरचा सुळा तिच्यावर घासला जातो. आपल्यात दोन टोकं. ऑस्ट्रालोपिथेकस अफारेन्सिस या माणसाच्या प्राचीन नातलगात दुसरं टोक कुठे जेमतेम दिसतं, कुठे ठळक, आणि ही धरसोडच मला फार आवडते. पॅरान्थ्रोपस या दुसऱ्या प्राचीन नातलगाचा जबडा मात्र लपत नाही: जाडजूड हाड, अवाढव्य दाढा, पुढचे दात चिमुकले. हनुवटी आपल्याखेरीज कुणाला नाही म्हटलं तरी चालेल.

पण हाड आणि दात एकच साक्ष देतील असं नाही. जर्मनीत हायडेलबर्गजवळ माउअरला १९०७ मध्ये मिळालेला जबडा दणकट, बिनहनुवटीचा. दात मात्र जवळजवळ आपल्यासारखे.

मी सर्वांत जास्त चुकलो ते जबड्याच्या मालकाचं वय ओळखण्यात. जॉर्जियातल्या द्मानिसीला, सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत, एक जबडा इतका थोराड निघाला की त्याला वेगळी प्रजाती मानलं गेलं. तिथल्याच एका म्हाताऱ्याचे जवळजवळ सगळे दात जिवंतपणीच पडलेले, खोबण्या बुजलेल्या, हाड झिजून बुटकं झालेलं. नुसती हाडाची उंची मोजलीस तर हे दोघे परके वाटतील. अनेक अभ्यासक त्यांना एकाच प्रजातीत ठेवतात. मीही.

तेव्हा पहिल्या दाढेखाली हाडाची उंची आणि जाडी, दोन्ही मोज. दाढा किती झिजल्यात, अक्कलदाढ आलीये का, तेही लिही. आणि फोटो खालच्या बाजूने परत काढ. या फोटोत कॅलिपरची (मोजमापाच्या चिमट्याची) सावली नेमकी तुटलेल्या कडेवर पडलीये.