कांद्याच्या हिशोबपट्ट्या आणि आकाशगंगेचा आलेख

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. मुलगी नाशिकला बारावी सायन्सला आहे. विज्ञान दिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण पाहून आल्यापासून एकच ध्यास : काही आकाशगंगांचं रेडिओ तेज वर्षानुवर्षं कमी-जास्त होतं, त्याचा अभ्यास करायचा. पाहुणे म्हणतात, इंजिनिअरिंगला टाका. यात पोट भरेल का?

उत्तर : नमस्कार दादा. पोटाचं आधी बोलू. एम.एस्सी.नंतर पीएच.डी. करताना जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळते. 2023 पासून ती महिना 37,000 रुपये आहे. पुढे संशोधन संस्थेतल्या कायम जागा मोजक्याच, हे लपवणार नाही. पण या मुलांचं रोजचं काम प्रोग्रॅमिंग आणि आकडेवारीचं असतं, त्यामुळे बाहेर पडलेलीही रिकामी बसत नाहीत.

मला काळजी पैशापेक्षा धीराची वाटते. या आकाशगंगांच्या केंद्रात सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्याच्याजवळून सुटणारा झोत आपल्या दिशेने असला की तेजातले चढउतार फार ठळक दिसतात. अशाच एका स्रोताचं, 3सी 273 चं, रेडिओ तेज बदलतंय, हे खगोलशास्त्रज्ञ विल्यम डेंट यांनी 1965 मध्ये दाखवलं. त्यानंतर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची 26 मीटरची डिश (रेडिओ दुर्बिणीची तबकडी) 2012 पर्यंत अशा आकाशगंगा मोजत राहिली. सत्तेचाळीस वर्षं! दरवेळी आधी स्थिर तेजाचा स्रोत मोजायचा, जसा आपण वजनकाटा प्रमाण वजनाने तपासतो. नाहीतर आकाशगंगा बदलली की डिश बिघडली, कळणार कसं? त्यात आलेखात दोन-तीन लाटा दिसल्या की माणूस ‘चक्र सापडलं’ म्हणून नाचतो. पुढच्या दहा वर्षांत ते चक्र विरून जातं. हे सोसणारा स्वभाव लागतो.

वाट अशी : नाशिकमध्येच फिजिक्स घेऊन बी.एस्सी., मग ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एम.एस्सी.; किंवा आत्ताच आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा. पुढे पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी.साठी ‘जेस्ट’सारख्या प्रवेश परीक्षा. खोडदच्या 45 मीटरच्या तीस डिश तीच संस्था चालवते. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग घेतलं तरी दार बंद होत नाही, दुर्बिणीचे रिसीव्हर इंजिनिअरच बांधतात. गणित मात्र कुठेच सुटत नाही.

तुम्ही लिहिलंय की लासलगावच्या पंधरा वर्षांच्या हिशोबपट्ट्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात. परीक्षा संपली की ती पेटी लेकीच्या हवाली करा. तारीख आणि क्विंटलचा भाव, एवढंच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत भरून आलेख काढू दे. भाव उसळतो, आदळतो, कधी ठरावीक काळाने फिरतोय असा भासही होतो. माल नेला नाही किंवा बाजार बंद होता तिथे खाडे पडतील; डिश दुरुस्तीला निघाली की दुर्बिणीच्या नोंदींतही असेच पडतात. त्या खाड्यांचं तिने काय केलं, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. जूनमध्ये दोघं या.