सकाळ विकू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

रविवारी हार्मोनियम जुळवताना तू काळी चारचा सूर बिघडवलास तेव्हाच माझ्या लक्षात आलं, याचं चित्त ठिकाणावर नाही. सुराची पितळी पट्टी टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, हे दोन वर्षांत तू कधी चुकला नव्हतास. परवा मात्र आधीच चढलेला सूर तू टोकाशीच खरवडत बसला होतास. रात्री तुझा मेसेज आला आणि उलगडा झाला. हिंजवडीच्या कंपनीचं ऑफर लेटर. पाच वर्षं नोकरी करतो, पैसे साठवतो, मग पूर्ण वेळ पेटीचंच काम.

मीही पाचच वर्षं म्हणालो होतो. १९८४ साली भोसरीतल्या एका कारखान्यात लागलो. पाच वर्षं भरली तशी ग्रॅच्युइटी लागू झाली, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, म्हणून पाय निघेना. मग घराचं कर्ज झालं. मग मुलीची शाळा. सुटलो तेव्हा २००३ साल उजाडलं होतं.

साहेब वाईट होते, पगार कमी होता, असलं माझं काही गाऱ्हाणं नाही. माझं एकच म्हणणं आहे. सकाळ विकू नकोस.

दुपार वीक. शिकवण्या घे, कुणाचे हिशेब लिही, चार तासांचं मिळेल ते काम कर, त्यात कमीपणा नाही. संध्याकाळही वीक. पण सकाळी सात ते अकरा हा वेळ पेटीचा. दोन सूर जुळवताना त्यांच्यात लहर उठते, ते जवळ येतील तशी ती मंद होत जाते आणि जुळले की थांबते. सेकंदाला तीन लहरी कुणालाही ऐकू येतात. तीन सेकंदांत एकच येते ना, ती ऐकायला ताजा कान आणि शांत गल्ली लागते. एकोणीस वर्षं कंपनीची बस मला सव्वासहाला न्यायची आणि मी पेटीपुढे बसायचो रात्री आठला. त्या काळात मी जुळवलेल्या पेट्या दुरुस्तीला परत येतात तेव्हा उघडतानाच ओळखतो. लाज वाटते.

आणि भांडवल कसलं साठवणार आहेस? बारीक कानस, खरवडायचं पातं, सूर तपासायला एक जुना भाता. एवढं तर तुझ्याकडे आजच आहे. कान साठवता येत नाही रे! पाच वर्षं बँकेत टाकून व्याजासकट काढता येईल अशी ती वस्तू नाही.

पेटीला पुढं विचारणार कोण, असंही तू लिहिलंस. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते किलकिलं झालं १९७१ मध्ये. त्या एकतीस वर्षांत नाटकातली पेटी थांबली नाही, कीर्तनातली नाही, भजनी मंडळातली तर नाहीच. गुजरातेतल्या पालिताण्याहून सुरांच्या पट्ट्या येत राहिल्या आणि आपले लोक त्या बसवत राहिले. तेव्हा ही भीती पुन्हा माझ्याकडे आणू नकोस.

नोकरी नसलेल्या मुलाला स्थळं येत नाहीत हे आई म्हणते ते खोटं नाही. त्यावर माझ्याकडे उतारा नाही. तरीही सकाळ देऊ नकोस.

मी सोडली तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. पहिल्या वर्षी खर्च जाऊन महिन्याला चारेक हजार उरायचे. चार वर्षं घर काकूच्या शाळेतल्या पगारावर चाललं. मुलीला नागपूरला प्रवेश मिळत होता, वसतिगृहाला पैसे नव्हते, ती इथंच शिकली. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मी मनातल्या मनात तिला उत्तर देत असतो. बारावीपर्यंत तिनं सकाळी बाप पाहिलाच नव्हता. त्यानंतर रोज सकाळचा चहा आम्ही दोघांनी मिळून घेतला. हे उत्तर पुरेसं आहे असं मी धरून चाललो आहे. काकूला विचारशील तर ती वेगळं सांगेल, पण तिलाही सकाळची पेटी ऐकायला आवडते.

आता एक गोष्ट, जी तुला आजवर सांगितली नाही. वरचं सप्तक मी नेहमी तुझ्याकडे देतो. तुला वाटत असेल, काका शिकवायला देतात. तसं नाही. कारखान्यात मी पत्र्याच्या प्रेसवर होतो, कानात बोळे घालायचा कंटाळा करायचो. सोडल्यावर तपासणी केली तर डाव्या कानाचा आलेख ४००० हर्ट्झपाशी कोसळलेला. वरच्या सुरांची झळाळी मला नीट ऐकू येत नाही. तुझ्या ऑफिसात प्रेस नसेल. दिवसभर कानाला हेडफोन असेल, आणि घरी पोचशील तेव्हा आठ वाजलेले असतील.

लेटरला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे ना? गुरुवारी सातला ये. आळंदीच्या बुवांची पेटी आली आहे. भाता मी बसवून ठेवतो, खालची दोन सप्तकं जुळवून ठेवतो. वरचं तसंच ठेवलं आहे.

तुझा,
काका