पेशीतली कॅल्शियमची लाट

प्रश्न : कॅल्शियम हाडांना बळकटी देते, एवढेच मला ठाऊक होते. अलीकडे ‘पेशीतील कॅल्शियमची लाट’ असा उल्लेख वाचनात आला. पेशीच्या एका टोकाला सुटलेले कॅल्शियमच दुसऱ्या टोकापर्यंत वाहत जाते का?

उत्तर : नाही, आणि ते का जात नाही, हाच या विषयाचा गाभा आहे.

विश्रांत पेशीच्या पेशीद्रव्यात मुक्त कॅल्शियम अत्यल्प, म्हणजे लिटरमागे सुमारे १०० नॅनोमोल असते. पेशीबाहेर ते त्याच्या १०,००० पटींहून अधिक असते. पेशीपटलातील पंप ऊर्जा खर्चून कॅल्शियम सतत बाहेर काढतात, तर आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीत पसरलेल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलातील पंप ते जालिकेत साठवतात. पेशीद्रव्य असे जवळजवळ रिकामे ठेवलेले असल्यामुळेच थोडेसे कॅल्शियम सुटले तरी पेशीला ते लगेच जाणवते.

एखादे संप्रेरक पेशीपटलावरील ग्राही प्रथिनाला चिकटले, की एक विकर (एन्झाइम) पटलातील एका मेदाचे विघटन करते आणि आयपी-३ नावाचा छोटा रेणू सुटतो. तो जालिकेवरील कॅल्शियमच्या वाहिन्यांना जोडला जातो, त्या उघडतात आणि साठा बाहेर पडतो. आयपी-३ चे हे काम १९८३ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींवरील प्रयोगांतून उघड झाले.

सुटलेले कॅल्शियम मात्र फार दूर जाऊ शकत नाही, कारण पेशीद्रव्यातील प्रथिने त्याचा बराचसा भाग वाटेतच पकडून ठेवतात. तरीही लाट पुढे सरकते, याचे कारण वाहिन्यांच्या एका विलक्षण गुणात आहे : आयपी-३ जोडलेली वाहिनी थोड्या कॅल्शियमने अधिक सहज उघडते, पण त्याचे प्रमाण फार वाढले की मिटते. त्यामुळे एका वाहिनीतून सुटलेले कॅल्शियम शेजारच्या वाहिनीला उघडते, तिचे कॅल्शियम तिच्या शेजारणीला. मागे राहिलेल्या वाहिन्या तोवर मिटलेल्या असतात, पंप तेथील कॅल्शियम उपसत असतात, आणि म्हणून लाट सहसा मागे फिरत नाही. पुढे जातो तो निरोप, कॅल्शियमचे कण बहुतांशी जागच्या जागीच राहतात.

हे दृश्य प्रत्यक्ष टिपले गेले, याचे मला आजही अप्रूप वाटते. जेलीफिशमधील एक्वोरिन हे प्रथिन कॅल्शियमच्या संपर्कात येताच प्रकाश देते. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते मेडाका या लहान माशाच्या अंड्यात टोचून मग फलन घडवण्यात आले. शुक्राणूच्या प्रवेशाच्या जागेपासून प्रकाशाचा एक अरुंद पट्टा निघाला, बलकाभोवतीच्या पेशीद्रव्याच्या पातळ थरातून पुढे सरकला आणि काही मिनिटांत विरुद्ध ध्रुवावर विझला. पट्ट्याच्या मागे पुन्हा अंधार होता, म्हणजे तेथील कॅल्शियम तेवढ्यात ओसरलेही होते.

सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत मात्र एका लाटेने भागत नाही. शुक्राणूबरोबर आलेले एक विकर आयपी-३ तयार करत राहते, त्यामुळे कॅल्शियम काही तास पुन्हा पुन्हा उसळत राहते, आणि या उसळ्यांमुळेच थांबलेले पेशीविभाजन पुढे सुरू होते.