फ्रान्समध्ये आठवडाभर आहोत. आयफेल टॉवर वगैरे सोडून तिथलं रोजचं जगणं कसं अनुभवता येईल?

चार शहरं एका आठवड्यात कोंबू नका. पॅरिसला दोन-तीन दिवस पुरे. मग टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत ल्यों शहरात जा आणि उरलेले दिवस तिथेच राहा. क्रुआ-रूस ही तिथली रेशीम विणकरांची जुनी टेकडी. तिथे सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. चीज, फळं घ्या आणि नदीकाठी बसून खा.

दुकानात शिरताना आधी ‘बाँझूर’ (नमस्कार) म्हणा, मगच काय हवं ते सांगा. थेट मागायला लागलात की समोरचा आखडतो आणि आपण म्हणतो, फ्रेंच लोक उर्मट!

बेकरीत साध्या ‘बागेत’ या लांब पावाऐवजी त्याचाच पारंपरिक प्रकार ‘त्रादिसियों’ मागा. थोडी महाग पडते, पण 1993 च्या सरकारी नियमामुळे तिच्यात रासायनिक मिसळण घालता येत नाही आणि पीठ गोठवताही येत नाही. चवीत फरक कळतो. बहुतेक लोक घरी पोहोचेपर्यंत तिचं टोक मोडून खातातच, तुम्हीही खा.

जेवायला 12 ते 2 मध्येच जा. अडीचला बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. ‘काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं, बाटली घ्यायची गरज नाही. शाकाहारी असाल तर ल्योंच्या पारंपरिक ‘बुशों’ खानावळींत फार आशा ठेवू नका, तिथे सगळा मांसाचाच कारभार.

रविवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात, सामान शनिवारीच भरा. पॅरिसच्या संग्रहालयांपैकी लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी.