नौपाड्याच्या पिनकोडपासून सुरुवात कर

एखाद्या संख्येचे गुणधर्म स्वतः शोधून काढायला शिकायचंय ना? मग वीस अंकी संख्येला एकदम हात घालू नकोस. ठाण्यातल्या नौपाड्याचा पिनकोड घे: ४००६०२. सगळं एका कागदावर मावतं.

आधी मूळ अवयव काढ, बाकीचं बरंचसं त्यातूनच मिळतं. संख्या सम, अंकांची बेरीज १२. म्हणजे २ आणि ३ लगेच सुटले, उरले ६६७६७. नवखे इथेच घाई करतात. ७, ११, १३ ने भाग गेला नाही की 'मूळ संख्या' म्हणून मोकळे! उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे २५८ पर्यंत, जावंच लागतं. पण फक्त मूळ संख्याच तपासायच्या. चिकाटी ठेवलीस तर १७९ ने भाग जातो, भागाकार ३७३.

४००६०२ = २ × ३ × १७९ × ३७३

चारही अवयव एकेकदाच, म्हणून विभाजक २ × २ × २ × २ = १६ (प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा). अंकांच्या बेरजेने, १२ ने, मात्र भाग जात नाही, तेव्हा ही हर्षद संख्या नव्हे. (ही कल्पना गणितज्ञ द. रा. कापरेकरांची. त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यातच झालं, बरं का.)

आणखी दोन गोष्टी:
- एक्सेलवर विसंबू नकोस, १५ अंकांपुढचे अंक ते शून्य करून टाकतं.
- मोठी संख्या मूळ आहे का ते ठरवणाऱ्या मिलर-राबिन वगैरे चाचण्या सध्या राहू देत.

हे जमलं की वाशीचा ४००७०३ घे. तिथे २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी एकही कामाला येत नाही.